पाण्याच्या अहवालात पारा नाही, म्हणून नदीत नाही?

सरितासंगम

नदीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती येतो, पाऱ्याच्या रकान्यात ‘आढळला नाही’ असे लिहिलेले असते आणि वाचणारा निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत खरी आहे, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे आधीच सांगते. नदीतला पारा शोधायचा असेल, तर पाणी ही सर्वांत फसवी जागा आहे. तो गाळात सापडतो, माशांत सापडतो आणि ते मासे खाणाऱ्यांच्या शरीरात सापडतो.

थोडे गणित मांडते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील असेंद्रिय पाऱ्यासाठी लिटरमागे 6 मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. एका मायक्रोग्रॅमचे हजार नॅनोग्रॅम, तेव्हा ही मर्यादा 6,000 नॅनोग्रॅम झाली. आता अशी नदी कल्पा, जिच्या पाण्यात मिथिल पारा, म्हणजे नदीत सापडणारे पाऱ्याचे सर्वांत घातक रूप, लिटरमागे केवळ 0.1 नॅनोग्रॅम आहे. वरच्या मर्यादेचा हा साठ हजारावा भाग झाला. परंतु पाण्यातून सूक्ष्म शैवालात, शैवालातून बारीक जलकीटकांत, त्यांतून लहान माशांत आणि शेवटी मोठ्या शिकारी माशांत जाताना हे प्रमाण दहा लाख पटींनी आणि कधी त्याहूनही अधिक वाढते. दहा लाख पट धरली, तर माशात किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, पन्नास लाख पट धरली, तर 0.5 मिलिग्रॅम. अनेक देशांनी बहुतेक माशांच्या विक्रीसाठी घातलेली कमाल मर्यादा हीच, किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, आहे. पाणी पिण्यास निर्धोक आणि त्याच पाण्यातला मासा विक्रीस अयोग्य, असे एकाच नदीत एकाच वेळी घडू शकते, आणि त्या नदीचा पाण्याचा अहवाल त्या दिवशीही स्वच्छच येईल.

आपणांपैकी रसायनशास्त्र, वैद्यक किंवा नदीचा अभ्यास जवळून माहीत असणाऱ्यांनी यात भर घालावी आणि मी चुकत असेन तर दुरुस्त करावे, ही विनंती.

गाळपेरा

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग तो नदीत पडल्यावर तळाशी जाऊन स्वस्थ बसायला हवा. गाळाखाली गाडला गेलेला पारा माशांपर्यंत पोहोचतो तरी कसा?

मूलद्रव्य

गाळपेरा, आपला प्रश्न अगदी मर्माचा आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांची समजूतही हीच होती, की जड धातू तळाशी जाईल आणि विषय संपेल.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते. तळाचा गाळ मृत नसतो. त्याच्या वरच्या काही सेंटिमीटरांखाली प्राणवायू संपतो आणि तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू राहतात. त्यांतले काही सल्फेटवर, काही लोहाच्या संयुगांवर श्वसन करतात, तर काही मिथेन तयार करतात. असेंद्रिय पारा यांच्या पेशीत शिरला, की त्याला एक मिथिल गट जोडला जातो आणि मिथिल पारा बाहेर पडतो. गाळातले सूक्ष्मजीव हे करू शकतात, हे 1969 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. मात्र त्यासाठी कोणती जनुके लागतात, हे कळायला 2013 साल उजाडले. एचजीसीए आणि एचजीसीबी अशी त्या दोन जनुकांची नावे आहेत. ही जोडी ज्या जीवाणूत आहे, तोच हे काम करू शकतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नदीत पारा किती पडला, एवढ्यावरच धोका ठरत नाही. तिथे मिथिलीकरणाला अनुकूल जागा किती आहे, यावरही तो ठरतो. पाणथळ जमिनी, कुजणाऱ्या पालापाचोळ्याचे थर, मंद वाहणारे फाटे, सांडपाण्यामुळे प्राणवायू घटलेले डोह या सर्व अशा जागा आहेत. धरण बांधून जंगल किंवा कुरण पाण्याखाली गेले, तर बुडालेली वनस्पती कुजू लागते आणि जमिनीत आधीपासून असलेल्या पाऱ्याचेच मिथिल पाऱ्यात रूपांतर वेगाने होते. त्यामुळे एकही कारखाना नसलेल्या नव्या जलाशयातील माशांत पारा वाढलेला आढळतो आणि तो उतरायला वीस-तीस वर्षेही लागतात.

आता तो वरच्या पायऱ्यांवर साठत का जातो, तेही सांगते. मिथिल पारा चरबीत साठतो असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. प्रथिनांत गंधक असलेले सिस्टीन हे अमिनो आम्ल असते, त्याला तो घट्ट चिकटतो, म्हणून तो माशाच्या मांसातच बसतो. तो शरीरातून फार हळू बाहेर पडतो, आणि खाण्याचा वेग मात्र त्याहून जास्त असतो.

अंतर्नाद

मूलद्रव्य यांच्या प्रतिसादाला जोडून एक भेद नोंदवतो, कारण पुष्कळ लेखांत तो पुसला जातो. जपानमधील मिनामाटाची पारा-विषबाधेची शोकांतिका आणि कॅनडातील वाबिगून नदीची शोकांतिका एकाच रासायनिक वाटेने घडलेल्या नाहीत.

मिनामाटा येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार करताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरला जाई आणि त्या प्रक्रियेतच मिथिल पारा उपपदार्थ म्हणून बनत असे. थोडक्यात, तयार विषच बाहेर सोडले जात होते. याउलट ऑन्टारिओतील ड्रायडन येथे कागद उद्योगासाठी क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारा कारखाना होता. त्याने 1962 ते 1970 या काळात वाबिगून नदीत सुमारे नऊ टन असेंद्रिय पारा सोडला. त्याचा मिथिल पारा केला तो नदीनेच. खालच्या अंगाला राहणाऱ्या ग्रासी नॅरोज आणि व्हाइटडॉग येथील मूलनिवासी लोकांचे अन्न आणि रोजगार दोन्ही मासेमारीवर होते. 1970 मध्ये व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. अर्धे शतक उलटून गेले, तरी तिथल्या माशांतला पारा अजून सुरक्षित पातळीला आलेला नाही.

पाण्याच्या स्वच्छतेचा मुद्दा सरितासंगम यांनी मांडला, म्हणून मिनामाटातील एक प्रसंग इथे सांगणे मला आवश्यक वाटते. पाऱ्यामुळे तिथल्या मासे खाणाऱ्यांना जडलेल्या आजाराची अधिकृत नोंद 1 मे 1956 रोजी झाली. कारखान्याने सप्टेंबर 1958 मध्ये सांडपाण्याचा मार्ग बदलून ते मिनामाटा नदीच्या मुखाशी सोडायला सुरुवात केली आणि काही महिन्यांतच नव्या किनाऱ्यांवर रुग्ण दिसू लागले. पुढच्या वर्षी कारखान्यातील डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी मांजरांना सांडपाणी मिसळलेले अन्न देऊन पाहिले, आणि चारशे क्रमांकाच्या मांजराला तोच आजार जडला. हे निष्कर्ष दाबले गेले. त्याच डिसेंबरमध्ये मोठा समारंभ करून शुद्धीकरण यंत्रणा सुरू करण्यात आली आणि कंपनीच्या अध्यक्षांनी तिच्यातून आलेले म्हणून सांगितलेले पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवले. प्रत्यक्षात ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी त्या वेळी त्या यंत्रणेतून जातच नव्हते, आणि सेंद्रिय पारा काढण्यासाठी ती यंत्रणा उपयोगाची नव्हती, हे पुढे न्यायालयातील साक्षींत उघड झाले. तो विभाग बंद व्हायला 1968 साल उजाडले. पेलाभर स्वच्छ पाण्याच्या बळावर आठ-नऊ वर्षे विष वाहत राहिले, ही गोष्ट वाचताना आजही माझे मन सुन्न होते.

नदीचा विचार करता मला आगानो नदीचे प्रकरण अधिक बोलके वाटते. जपानच्याच निइगाता प्रांतात 1965 मध्ये या नदीच्या मुखाकडील गावांत त्याच आजाराचे रुग्ण आढळले. दोषी कारखाना, शोवा देन्को कंपनीचा, कानोसे येथे होता, म्हणजे सुमारे साठ किलोमीटर वर. कंपनीने असा बचाव केला, की 1964 च्या भूकंपात गोदामांतील पारायुक्त कीटकनाशके नदीत वाहून गेली असावीत. रुग्णांनी 1967 मध्ये दावा लावला आणि 1971 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोपर्यंत जे घडायचे ते घडून गेले होते. साठ किलोमीटर वरच्या गावाशी आपला काय संबंध, असे खालच्या गावाला वाटणे स्वाभाविक आहे. पण नदीला ते अंतर काहीच नसते.

ऋजुता७

सर्वच प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण वाचून भीती वाटली. मी लवकरच आई होणार आहे. माझ्या आहारात मासे आहेत आणि डॉक्टरांनी ते चांगले असेच सांगितले आहे. मग मासे पूर्ण बंद करावेत का? नीट शिजवल्याने किंवा चरबी काढून टाकल्याने पारा कमी होतो का?

कृत्तिका

ऋजुता ताई, प्रथम अभिनंदन, आणि घाबरून मासे बंद करू नका. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे सर्वसाधारण माहिती देते, आपला निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

शिजवल्याने, तळल्याने, धुतल्याने किंवा चरबी काढल्याने मिथिल पारा जात नाही, कारण तो मांसाच्या प्रथिनांना बांधलेला असतो. मात्र कोणता मासा खातो, यावर फार मोठा फरक पडतो. लहान, कमी वयाचे, शैवाल किंवा बारीक जीव खाणारे मासे साधारणपणे बरेच सुरक्षित असतात. दीर्घायुषी, मोठे आणि दुसऱ्या माशांवर जगणारे मासे गरोदरपणात आणि अंगावर पाजण्याच्या काळात टाळावेत. गर्भाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-3 मेदाम्ले माशांतून मिळतात, म्हणून मासे सोडण्यापेक्षा निवडणे शहाणपणाचे असते. ज्या पाण्यात पारा जातो असे माहीत आहे, त्या पाण्यातील मासे मात्र कोणत्याही आकाराचे असले, तरी खाऊ नयेत.

गर्भाबद्दल इतकी काळजी का, तेही सांगते. सिस्टीनला जोडलेला मिथिल पारा मेथिओनिन या अमिनो आम्लासारखा दिसतो, म्हणून शरीर त्याला आपलेच पोषक द्रव्य समजून मेंदूच्या संरक्षक भिंतीतून आणि गर्भाचे पोषण करणाऱ्या वारेतून आत घेते. बाळाच्या रक्तातील प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असते. मिनामाटात असे कित्येक जन्म झाले, की आईला किरकोळ मुंग्या येण्यापलीकडे काही त्रास नव्हता आणि मूल मात्र गंभीर मेंदुविकार घेऊन आले. वार गर्भाचे रक्षण करते, ही त्या काळची वैद्यकीय धारणा होती; तिला जपानी डॉक्टर मासाझुमी हारादा यांनी पुराव्यांनिशी धक्का दिला. जपानमध्ये बाळाची नाळ वाळवून जपून ठेवण्याची प्रथा आहे. त्या जपलेल्या नाळांची पुढे तपासणी झाली आणि त्यांत मिथिल पारा सापडला.

हे टोकाचे विषप्रयोग झाले. कमी मात्रेबद्दल सर्वाधिक चर्चा झालेला अभ्यास फेरो बेटांवरचा आहे. तिथे 1986-87 मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा पाठपुरावा झाला आणि आईच्या आहारातून पारा अधिक पोहोचलेल्या मुलांच्या भाषा, अवधान आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत सूक्ष्म घट आढळली. सेशेल्स बेटांवरील अभ्यासात असा स्पष्ट परिणाम दिसला नाही. तिथल्या माशांतील पोषक द्रव्यांनी काही नुकसान भरून काढले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. अन्न व आरोग्यविषयक संयुक्त तज्ज्ञ समितीने गर्भाचा विचार करूनच 2003 मध्ये मिथिल पाऱ्याची सहनीय मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे आठवड्याला 1.6 मायक्रोग्रॅम अशी खाली आणली.

दिलासा देणारी एक गोष्ट आहे. पारा आत येणे थांबले, तर प्रौढ शरीरातील मिथिल पाऱ्याचे प्रमाण साधारण पन्नास दिवसांत निम्मे होते. म्हणून गर्भधारणेच्या काही महिने आधीपासून निवड बदलणे उपयोगी पडते. मेंदूला झालेली इजा मात्र भरून येत नाही. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, दृष्टीचा पट्टा अरुंद होत जाणे, शब्द जड होणे ही प्रौढांतील लक्षणे आहेत आणि ती पारा पोटात गेल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उमटतात. इराकमध्ये 1971-72 च्या हिवाळ्यात पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले बियाणे लोकांनी दळून खाल्ले, तेव्हा हा उशीरच घातक ठरला. लगेच काही होत नाही, असे पाहून लोक खात राहिले. रुग्णालयांत 6,530 जण दाखल झाले आणि त्यांतील 459 दगावले.

गाळपेरा

कृत्तिका ताई, धन्यवाद. म्हणजे मासे न खाणाऱ्यांना या प्रश्नाची झळ नाही, असे समजावे का?

मूलद्रव्य

तसे समजू नये. चीनमधील ग्वेइझोऊ प्रांतात वानशान येथे पाऱ्याच्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या नद्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातात मिथिल पारा आढळतो आणि तिथल्या लोकांना तो माशांपेक्षा तांदळातूनच अधिक मिळतो. कारण वर सांगितलेलेच: पाणी साचलेले, प्राणवायू संपलेला चिखल, म्हणजे जीवाणूंना हवी तशी जागा. गहू किंवा मका अशा कोरड्या जमिनीतील पिकांत हे घडत नाही.

पाणथळ

आतापर्यंतची चर्चा माणसांभोवती फिरली, म्हणून नदीच्या इतर रहिवाशांबद्दल लिहितो. अनेक वर्षे पक्षिनिरीक्षण करत असल्याने हा भाग मला फार जवळचा आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात साउथ रिव्हर नावाची नदी आहे. तिच्या काठच्या एका कारखान्यातून 1929 ते 1950 या काळात पारा नदीत गेला. अनेक दशकांनी संशोधकांनी काठावरच्या गाणाऱ्या पक्ष्यांचे रक्त तपासले. हे पक्षी मासे खात नाहीत, त्यांतले बरेचसे पाण्यात उतरतही नाहीत. तरीही त्यांच्या रक्तात मासे खाणाऱ्या पक्ष्यांइतका, काही जातींत त्याहून अधिक पारा निघाला. उत्तर सापडले ते आठ पायांच्या कोळ्यांत. कोळी स्वतः शिकारी असल्याने अन्नसाखळीत त्यांच्यामुळे एक पायरी वाढते, आणि पक्षी ते कोळी पिलांना भरवत होते. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नदीचे प्रदूषण नदीच्या पात्रात संपते, ही कल्पना मोडून पडली.

उत्तर अमेरिकेतील लून हा मासे खाणारा पाणपक्षी असाच बळी ठरतो. पारा वाढलेले पक्षी मरत नाहीत, पण घरट्यावर कमी वेळ बसतात आणि त्यांची पिले कमी जगतात. पाणमांजर आणि मिंक (पाण्याकाठी राहणारा लहान शिकारी प्राणी) यांच्यात मेंदूवर परिणाम होऊन शिकारीची चपळाई जाते. मेलेले प्राणी मोजता येतात. न जन्मलेली पिले कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत.

अंतर्नाद

मूळ धाग्यात पारा येतो कुठून, हे आलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालाप्रमाणे मानवी उद्योगांतून 2015 मध्ये हवेत सुमारे 2,220 टन पारा गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे 38 टक्के, छोट्या प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामाचा होता आणि दुसरा, सुमारे 21 टक्के, दगडी कोळसा जाळण्याचा. कोळशातून उडालेला पारा वातावरणात महिनोन्महिने फिरून पावसाबरोबर हजारो किलोमीटर दूरच्या नद्यांत उतरतो. सोन्याच्या खाणीत मात्र तो थेट नदीतच जातो: बारीक सोने पाऱ्यात मिसळून गोळा करतात, मग तो गोळा तापवून पारा उडवतात. मागे राहिलेला पारायुक्त चिखल पाण्यात सोडला जातो.

ब्राझीलमधील तापाजोस नदीच्या काठी मुंडुरुकू लोकांचे केस तपासले, तेव्हा प्रत्येकात पारा निघाला आणि दहांतील सुमारे सहा जणांत तो सुरक्षित पातळीच्या वर होता. त्यांच्यापर्यंत तो पोहोचला तो मुख्यतः नदीतल्या माशांतून.

पाणथळ

तापाजोसबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. तिथला सगळा पारा खाणींतून आलेला नाही. ॲमेझॉनच्या प्राचीन मातीत निसर्गतःच बराच पारा साठलेला आहे आणि जंगल तोडून जाळल्यावर तो धूप होऊन नदीत येतो, असे 1990 च्या दशकातील संशोधनातून पुढे आले. अर्थात बेकायदा खाणी पात्र खणतात, काठचे जंगल तोडतात आणि वर पाराही ओततात, त्यामुळे दोन्ही कारणे शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

अंतर्नाद

दुरुस्ती मान्य आहे. मला आणखी एक जोडायचे आहे. जगभर दीड कोटीच्या आसपास लोक या छोट्या खाणकामावर पोट भरतात आणि पाऱ्याची वाफ सर्वांत आधी त्यांच्याच फुफ्फुसांत जाते. त्यांना केवळ गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. वाफ अडवून पारा परत मिळवणारे बंद भांडे, किंवा फिलिपिन्समधील काही खाणकामगार वापरतात ती टाकणखाराची पद्धत, असे पर्याय आहेत. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार 2013 मध्ये स्वीकारला गेला आणि 16 ऑगस्ट 2017 रोजी अमलात आला. पण सोन्याच्या खाणकामात तो पाऱ्याचा वापर कमी करण्यास आणि शक्य तिथे थांबवण्यास सांगतो, त्यावर सरसकट बंदी घालत नाही. माझ्या मते ही त्यातली सर्वांत कच्ची बाजू आहे.

गाळपेरा

एकदा नदी अशी दूषित झाली, की गाळ उपसून टाकणे हा उपाय का करत नाहीत?

मूलद्रव्य

काही ठिकाणी केला आहे. मिनामाटा उपसागरात 1977 ते 1990 या काळात सुमारे पंधरा लाख घनमीटर गाळ उपसून व बंदिस्त करून त्यावर 58 हेक्टर जमीन उभी करण्यात आली. पण तो उपसागर होता. वाहत्या नदीत पारा शेकडो किलोमीटर पूरमैदानात पसरलेला असतो आणि बेफिकीरपणे उपसताना शांत बसलेला पारा पुन्हा पाण्यात मिसळतो. स्लोव्हेनियातील इद्रिया येथे पाचशे वर्षे पाऱ्याचे खाणकाम चालले. खाण बंद झाली, तरी प्रत्येक मोठ्या पुराबरोबर काठ खचतात आणि इद्रिइत्सा व सोचा या नद्या तो जुना पारा अजूनही समुद्रात नेत आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात 2001 पासून सात वर्षे विशिष्ट समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या, पण वजनाने वेगळ्या अणूंचा) पारा मुद्दाम, अत्यल्प प्रमाणात मिसळण्यात आला, जेणेकरून नवा पारा आणि जुना पारा वेगळे ओळखता यावेत. मिसळणे थांबवल्यावर अवघ्या काही वर्षांत माशांतील तो नवा पारा झपाट्याने उतरला. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. आज येणारा पारा थांबवला, तर त्याचा लाभ याच पिढीला मिळू शकतो. गाळात साठलेल्या जुन्या पाऱ्याबद्दल मात्र असे म्हणता येत नाही.

सरितासंगम

इतक्या विचारपूर्वक प्रतिसादांबद्दल सर्वांची ऋणी आहे. आता मला प्रत्यक्ष विचारायचे आहे. एखाद्या नदीच्या काठचे लोक तपासणीची मागणी करणार असतील, तर त्यांनी नेमके काय मागावे?

मूलद्रव्य

पाण्याची तपासणी मागायचीच असेल, तर नॅनोग्रॅमपर्यंत मोजणारी पद्धत आणि पाराविरहित केलेल्या बाटल्या हव्यात, हे मागणीपत्रातच लिहावे. एरवी ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘आमच्या उपकरणाला दिसला नाही’ एवढाच असतो. गाळाचे नमुने संशयित जागेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांनी घ्यावेत. माशांचे नमुने एकाच जातीचे आणि शक्य तितक्या सारख्या लांबीचे असावेत, कारण वयाबरोबर पारा वाढतो आणि लहान माशाची मोठ्याशी तुलना केली, तर निष्कर्ष हवा तसा वळवता येतो. माशाच्या मांसातील एकूण पारा मोजला, तरी चालते, कारण शिकारी माशांत त्याचा बहुतांश भाग मिथिल पाराच असतो.

कृत्तिका

त्यात माणसांच्या केसांची भर घालावी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या त्या महिन्याच्या रक्तातला मिथिल पारा धरून ठेवतो. त्यामुळे नऊ-दहा सेंटिमीटरचा केस मुळाकडून टोकाकडे तुकड्यांत तपासला, तर एखाद्या स्त्रीच्या संपूर्ण गरोदरपणातील आलेख मिळतो. सुई टोचावी लागत नाही. मात्र केस मुळाजवळून कापावा आणि मुळाची बाजू दोऱ्याने बांधून खूण करावी, नाहीतर कोणते टोक कोणत्या महिन्याचे, हे सांगता येत नाही.

पाणथळ

आणि एक वर्षाच्या आतले मासे वेगळे गोळा करावेत. मोठा मासा गेल्या दहा-पंधरा वर्षांचे सांगतो; बोटाएवढ्या पिलात जो पारा असेल, तो याच वर्षी नदीतून आलेला असतो. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी अशी पिले पकडत राहिलात, तर वरच्या अंगाला काही नवीन सुरू झाले किंवा खरोखरच थांबले, हे सर्वांत आधी त्यांच्याकडून कळेल.